‘अप इन दि एअर’: हवेत नेमकं काय असतं?

भाचीचा फोन रात्री साडेदहाला आला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. एरवी ती मेसेजवर भागवते. “मावशी, नोकरी गेली बहुतेक,” म्हणाली. नोकरी अजून सुरूही झाली नव्हती. ऑफर लेटर हातात होतं, रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्यातली होती आणि आता कंपनीकडून दोन ओळींचा मेल आला होता. तिने तो वाचून दाखवला: ‘युअर जॉइनिंग डेट इज स्टिल अप इन दि एअर. वी विल गेट बॅक टू यू.’

मागून ताईचा आवाज आला, “म्हणजे पोरीला हवेत सोडलं म्हण की!”

“वाक्य परत वाच,” मी म्हटलं. “हवेत कोण आहे? तू की तारीख?”

“तारीख.”

“मग तारखेपुरतंच घाबर.”

पंधरा-वीस वर्षं इंग्रजीचं मराठी करून पोट भरतेय, त्यामुळे ही सवयच लागलीये. घाबरण्याआधी वाक्याचा कर्ता शोधायचा. फोन ठेवला, पण तो वाक्प्रचार डोक्यात राहिला. शब्द चार, चारही पहिलीतल्या पोराला येणारे, आणि तरी शिकल्यासवरल्या माणसांना रात्री साडेदहाला फोन करायला लावतात.

अर्थ सोपा आहे. एखादी गोष्ट ‘अप इन दि एअर’ आहे म्हणजे तिच्याबद्दलचा निर्णय अजून झालेला नाही. टॉसला नाणं उडवलंय आणि ते अजून खाली पडायचंय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. छापा की काटा, हे त्या क्षणी कुणालाच विचारून उपयोग नाही. पंचाला माहीत नाही, कप्तानाला माहीत नाही, ज्याने उडवलं त्यालाही माहीत नाही. उत्तर तयारच झालेलं नाही.

‘मला माहीत नाही’ आणि ‘ठरलेलं नाही’ या दोन गोष्टींची आपण बोलताना सर्रास भेसळ करतो. माझी गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागणार हे मला ठाऊक नसेल तर ते माझं अज्ञान. चौकशीच्या खिडकीवर जाऊन ते दूर होतं. पण खिडकीआतल्या माणसाकडेच अजून काही आलेलं नसेल, वरूनच ठरलं नसेल, तर ती गोष्ट ‘अप इन दि एअर’. पहिल्या प्रकारात विचारत राहण्यात शहाणपण आहे. दुसऱ्या प्रकारात दर दहा मिनिटांनी विचारलंत तर आतला माणूस खेकसणार, आणि त्याचंही काही चुकत नाही.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण ऑलिम्पिकचं आहे. टोकियोचे खेळ 24 जुलै 2020ला सुरू व्हायचे होते. मार्च उजाडला, करोना पसरला, आणि खेळ होणार की नाही हेच ठरेना. तेव्हा अख्खं ऑलिम्पिक ‘अप इन दि एअर’ होतं. 24 मार्चला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे आणि ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांचं फोनवर बोलणं झालं आणि जाहीर झालं, की खेळ पुढे ढकललेत. 2021चा उन्हाळा संपायच्या आत घेऊ. म्हणजे आता खेळ जमिनीवर आले, हवेत उरली फक्त तारीख. तीही फार काळ राहिली नाही. 30 मार्चला नवी तारीख आली, 23 जुलै 2021. ते सहा दिवस आणि त्याआधीचे काही आठवडे, दोन्हींना इंग्रजीत हाच वाक्प्रचार चालतो. पण हवेत असलेली वस्तू निराळी. भाचीचा मेल या सहा दिवसांतला होता. ताईने तो आधीच्या आठवड्यांतला समजून वाचला.

ताईची चूक म्हणावी तर तशी नाहीच. तिने इंग्रजी शब्द मराठी हवेत सोडले, आणि मराठीतली हवा फार बदनाम आहे. एखादा ‘सध्या हवेत आहे’ म्हटलं तर तो शेफारलाय. आश्वासनं ‘हवेत विरतात’. माणसं ‘हवेत इमले बांधतात’, पोलीस ‘हवेत गोळीबार’ करतात. आपल्याकडे हवेत गेलेली वस्तू सहसा परत खाली येत नाही. एकतर विरते, नाहीतर मुळात तिच्यात काही दम नसतो. इंग्रजीतही हवेत किल्ले बांधतात आणि तिथेही ते कोसळतातच. पण ‘अप इन दि एअर’मधली वस्तू वर फेकलेल्या चेंडूसारखी आहे. ती खाली येणार, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. कुठे पडेल, एवढाच प्रश्न.

एकदा एका समारंभाची पत्रिका भाषांतराला आली होती. सोबतच्या चिठ्ठीत ‘द व्हेन्यू इज स्टिल अप इन दि एअर’ असं होतं आणि माझ्यासोबत नव्याने काम करणाऱ्या मुलाने त्याचं ‘स्थळ अद्याप हवेतच आहे’ असं करून टाकलं. मी हसले, पण नंतर स्वतः लिहायला बसले तर मलाही एका झटक्यात शब्द सुचेना. ‘स्थळ अजून ठरायचंय’ असं साधं लिहून दिलं. आजही माझं मत हेच आहे: दहातल्या सात वेळा ‘अजून ठरलेलं नाही’ किंवा ‘अजून नक्की नाही’ हेच ‘अप इन दि एअर’चं उत्तम मराठी. ‘अनिर्णित अवस्थेत आहे’ असं काही लिहायची गरज नाही. ज्याला तसं लिहायचंय त्याने मराठी बोलणारी माणसं कधी ऐकलेली नसावीत.

उरलेल्या तीन वेळा मात्र मजा येते. कारण मराठीकडे या अधल्यामधल्या अवस्थेसाठी शब्दांची रेलचेल आहे, पण त्यातला एकही तटस्थ नाही. इंग्रजी वाक्प्रचार कुणाचीच बाजू घेत नाही. नाणं हवेत आहे, एवढंच सांगतो. कुणी उडवलं, कोण वाट बघतंय, कुणाचा दोष, यावर अवाक्षर नाही. आपले शब्द लगेच भांडणात उतरतात.

‘भिजत घोंगडं’च घ्या. घोंगडी लोकरीची. कोरडी असताना अंगावर सहज घेता येते. तीच पाण्यात पडली तर दोन माणसांना उचलवत नाही आणि चार दिवस वाळत नाही. प्रश्नाचं ‘भिजत घोंगडं’ पडलंय म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, कुणीतरी ते पिळून वाळत घालायला हवं होतं आणि तो माणूस हात बांधून बसलाय. पदोन्नतीच्या फाइली, रखडलेले उड्डाणपूल, सोसायटीचं कन्व्हेयन्स हे सगळं भिजत घोंगडं. इथे दोषारोप आहे. इंग्रजीत तो आणायचा तर ‘लीव्ह’ हे क्रियापद जोडावं लागतं. ‘दे लेफ्ट इट अप इन दि एअर’ म्हणजे त्यांनी ते तसंच लोंबकळत ठेवलं. नुसत्या ‘इज’ने ‘आहे’ कळतं, ‘लेफ्ट’ आला की माणूस दिसतो.

‘टांगणीला लागणं’ दुसऱ्या टोकाकडून बोलतं. निकाल टांगणीला लागत नाही, जीव लागतो. म्हणजे ठरवणाऱ्याचा विचारच नाही, सगळा जोर वाट पाहणाऱ्यावर. बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्री घरात जे वातावरण असतं त्याला इंग्रजी ‘अप इन दि एअर’ पुरत नाही. त्या वाक्प्रचाराला काळीज नाही. शिवाय निकाल तेव्हा छापून तयार असतो, त्यामुळे अर्थानेही तो इथे चुकीचाच.

‘तळ्यात-मळ्यात’ तिसरंच काहीतरी सांगतं. ओळीत उभी राहिलेली पोरं, रेघेच्या एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला मळा, आणि पुकारणारा ओरडेल तशी उडी. पुढाऱ्याचं ‘तळ्यात-मळ्यात चाललंय’ म्हणतो तेव्हा तो ठरवतो आणि बदलतो, ठरवतो आणि बदलतो. नाणं एकदाच उडालं नाही, दर तासाला उडतंय.

आणि ‘गुलदस्त्यात’. वर्तमानपत्रांचा हा फार लाडका शब्द, आणि माझ्या अनुभवात ‘अप इन दि एअर’च्या भाषांतरात सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा. ‘उमेदवाराचं नाव गुलदस्त्यात’ म्हणजे नाव ठरलंय, पण उघड केलेलं नाही. ठरलंच नसेल तर ते गुलदस्त्यात नाही. इंग्रजी निमंत्रणांवर आणि वेळापत्रकांवर जी दोन तीन-अक्षरी लेबलं दिसतात त्यांत हाच फरक आहे. ‘टीबीए’ म्हणजे जाहीर व्हायचंय. कदाचित आत सगळं पक्कं असेल. ‘टीबीडी’ म्हणजे ठरायचंय. पहिलं गुलदस्त्यात, दुसरं हवेत. आयोजकाने यातलं कुठलं लिहिलंय ते बघून विमानाचं तिकीट काढावं.

2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात जे झालं त्यावर हे सगळे शब्द एकाच महिन्यात तपासून बघता आले. 24 ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल लागला. 288 जागा, बहुमताला 145. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. युती करून लढलेल्या दोघांची बेरीज 161, म्हणजे आकडे तर होते. तरीही सरकार होईना, कारण मुख्यमंत्रिपद कुणाचं आणि किती काळ, हे ठरेना. या दिवसांत इंग्रजीतून विचारणाऱ्या मित्रांना मी ‘अप इन दि एअर’ असंच सांगत होते. ‘हंग असेम्ब्ली’ म्हणवत नव्हतं, कारण मतदारांनी बेरीज जुळवून दिली होती. मराठी वर्तमानपत्रांचा शब्द होता ‘तिढा’. सत्तास्थापनेचा तिढा. तो मला जास्त नेमका वाटला. तिढा दोरीला पडतो. दोरी तुटलेली नसते, पण सुटतही नाही, आणि ती कुणीतरी पिळल्याशिवाय तिढा पडत नाही. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. 23 तारखेला भल्या सकाळी राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. त्याच्या आदल्या रात्री ही गोष्ट हवेत नव्हती, गुलदस्त्यात होती! 26 तारखेला राजीनामा, 28 तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी. एवढ्या पस्तीस दिवसांत कुठला नेता किती वेळा तळ्यात आणि किती वेळा मळ्यात होता, ते आपापल्या राजकीय आवडीनुसार मोजावं.

‘हंग’चा विषय निघालाच आहे तर त्रिशंकूकडे यायला हवं. कुणाकडेच बहुमत नसलेल्या सभागृहाला इंग्रजी ‘लटकलेलं’ म्हणतं. मराठीने त्याला ‘त्रिशंकू’ करून टाकलं, आणि कल्पनेच्या बाबतीत आपण इंग्रजीला इथे कितीतरी मागे टाकलंय. रामायणाच्या बालकांडातली गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. इक्ष्वाकू वंशातल्या त्रिशंकू राजाला याच देहाने स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नाही म्हटलं, त्यांच्या मुलांनी शाप दिला, मग विश्वामित्रांनी यज्ञ करून त्याला वर पाठवलं. इंद्राने वरून ढकलून दिलं. डोकं खाली, पाय वर असा तो पडत असताना विश्वामित्र गरजले, “तिष्ठ, तिष्ठ!” आणि तो तिथेच थांबला. आजही मे महिन्यात रात्री महाराष्ट्रातून दक्षिणेचं क्षितिज मोकळं दिसत असेल, तर अगदी खाली चार ताऱ्यांचा एक छोटा क्रूस दिसतो. त्याला मराठीत त्रिशंकूच म्हणतात.

म्हणून ‘अप इन दि एअर’चं भाषांतर ‘त्रिशंकू अवस्था’ असं करायचा मोह होतो. तो आवरावा. त्रिशंकू खाली येत नाही. त्याची सोय झाली, तारे मिळाले, पण सुटका झाली नाही. इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ आहे ‘इन लिंबो’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कडा, कपड्याचा काठ. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात बाप्तिस्मा न झालेल्या बाळांसाठी स्वर्गाच्या बाहेर आणि यातनांपासून दूर अशी ही काठावरची जागा कल्पिली होती. ‘अप इन दि एअर’ निर्णयाबद्दल बोलतं, ‘लिंबो’ त्या निर्णयाविना अडकलेल्या माणसाबद्दल. मेहरान करीमी नासेरी हा इराणी माणूस कागदपत्रांच्या घोळात 1988मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर अडकला आणि 2006पर्यंत तिथल्या पहिल्या टर्मिनलमध्ये राहिला. लाल बाक, सामानाची खोकी, शेजारून रोज हजारो माणसं खरोखरीच हवेत उडून जातायत, आणि हा जमिनीवर बसून लिंबोमध्ये. त्रिशंकू म्हणायचं तर अशाला. भाचीच्या तारखेला म्हणू नये.

आणखी एक शेजारी आहे, ‘ग्रे एरिया’, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. तिथे नियमच धूसर असतो. कृती करून झाली, निकाल लागून गेला, तरी ती योग्य होती का यावर वाद उरतोच. हवेतली वस्तू खाली पडली की स्पष्ट दिसते. ग्रे एरिया उजेडातही ग्रेच.

मला या वाक्प्रचाराच्या कुळातला सर्वांत आवडतो तो लष्करी चुलतभाऊ. त्यात ‘अप’ नाही, नुसतंच ‘इन दि एअर’. सैन्याची फळी लांब पसरलेली असते आणि तिची टोकं नदीला, डोंगराला, दलदलीला टेकवलेली असतात, म्हणजे तिकडून शत्रू वळसा घालू शकत नाही. टोक कशालाच टेकलेलं नसेल, उघड्यावर संपत असेल, तर ती बाजू ‘इन दि एअर’. अमेरिकी यादवी युद्धात, मे 1863मध्ये, चॅन्सलर्सव्हिलला जनरल हूकरच्या उत्तरेच्या सैन्याचं उजवं टोक असंच होतं. हॉवर्डची अकरावी कोअर, म्हणजे सैन्याची एक मोठी तुकडी, रस्त्यालगत पसरलेली आणि पलीकडे नुसतं रान. दक्षिणेचं सैन्य संख्येने निम्म्याहूनही कमी होतं. पण ते टोक उघडं आहे ही खबर घोडदळाने आणली आणि जनरल लीने आपल्या तुटपुंज्या सैन्याचे आणखी दोन भाग केले. 2 मे रोजी स्टोनवॉल जॅक्सन सुमारे अठ्ठावीस हजार माणसं घेऊन दिवसभर जंगलातून चालत राहिला आणि संध्याकाळी त्या टोकावर तुटून पडला. अकराव्या कोअरची दाणादाण उडाली. (जॅक्सनलाही त्याच रात्री अंधारात स्वतःच्याच सैनिकांच्या गोळ्या लागल्या; आठ दिवसांनी तो गेला.) या ‘इन दि एअर’ला मराठीत ‘अधांतरी’ हा शब्द चपखल बसतो. आधार नसलेलं, कशाला टेकलेलं नाही असं. आणि म्हणूनच ‘तारीख अधांतरी आहे’ म्हटलं की आपल्याला ते ‘तारीख ठरलेली नाही’पेक्षा जास्त धोक्याचं ऐकू येतं. खालचा आधार गेल्यासारखं.

वापराचं थोडं. उच्चारात ‘द’चं ‘दि’ होतं, कारण पुढे स्वर आहे, आणि जोर ‘एअर’वर पडतो. कर्ता बहुधा वस्तू किंवा बेत असतो: तारीख, ठिकाण, बजेट, कराराचं भवितव्य. ‘स्टिल’ आणि ‘अ बिट’ हे दोन सोबती याच्या मागेपुढे सतत दिसतील. ‘आय ॲम अप इन दि एअर’ असं स्वतःबद्दल म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल विमानातून बोलताय. अमेरिकेत ‘आय ॲम अप इन दि एअर अबाउट इट’ म्हणणारी माणसं भेटतात, म्हणजे ‘माझं अजून ठरत नाहीये’. पण शिकताना वस्तूलाच कर्ता ठेवणं बरं. जुन्या अमेरिकी बोलीत माणूस ‘वेन्ट अप इन दि एअर’ म्हणजे भडकला, असाही अर्थ होता, तेव्हा जुनं काही वाचताना जपून. बोलण्यात, मेलमध्ये, बातमीत हा वाक्प्रचार खुशाल चालतो. करारात किंवा सरकारी पत्रात तो दिसला, तर लिहिणाऱ्याने घाई केली असं समजावं.

ऑफिसातल्या इंग्रजीत त्याचा एक वेगळाच उपयोग होतो, विशेषतः समोरचा माणूस लंडनचा असेल तर. ‘द बजेट इज अ बिट अप इन दि एअर ॲट द मोमेंट’ असं मीटिंगमध्ये ऐकू आलं, की पुण्यातला प्रोजेक्ट मॅनेजर वहीत ‘बजेट प्रलंबित’ असं लिहून घेतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा विचारतो. त्या ‘अ बिट’कडे त्याचं लक्ष नसतं. इंग्रज माणूस ‘थोडंसं’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा ‘बरंचसं’ म्हणत असतो, आणि हे वाक्य ‘यावर फार भिस्त ठेवू नका’ असं सुचवण्याची सभ्य रीत असू शकते. आपल्याकडे लग्न जुळवताना ‘पत्रिका बघून कळवतो’ म्हणतात, त्याच जातीचं. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. तो कुणी, कुणाला, कितव्यांदा सांगितला हे कोशात नसतं.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सुचवलं, की उलट मेलमध्ये दोन प्रश्न विचार: ऑफर कधीपर्यंत वैध आहे, आणि तारीख कशावर अडलीये. उत्तर दुपारी आलं. ऑफर कायम, ज्या प्रोजेक्टवर घ्यायचंय तो क्लायंटकडून सुरू व्हायचाय, तो सुरू झाला की तारीख. ताईने आधीच कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला दोन किलो पेढे सांगून ठेवले होते. तिने जाऊन त्याला सांगितलं, कधी ते नंतर कळवते.

“म्हणजे पेढे पण अप इन दि एअर,” भाची फोनवर हसत म्हणाली.

“पेढे नाहीत गं,” मी म्हटलं. “पेढ्यांची तारीख.”